जॅस्परचे लेट मार्क: काटा न हलवता दोनदा बदललेली वेळ

प्रकरण सुरू झालं लेट मार्कवरून.

अमेरिकेतला एक क्लायंट, नाव नको, लाकडी फर्निचरशी संबंधित धंदा, प्लांट इंडियाना राज्यात जॅस्पर नावाच्या गावी. त्यांच्या हजेरीचा जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये हलवायचं काम आमच्या पुण्याच्या टीमकडे आलं होतं. कार्ड पंच केल्याच्या सगळ्या वेळा यूटीसीमध्ये साठवलेल्या, म्हणजे ग्रिनिचच्या हिशोबात, त्या फक्त गावाच्या वेळेत करून दाखवायच्या, एवढंच. आमच्यातल्या एकाने (मीच तो, लपवून काय उपयोग) नकाशा बघितला, जॅस्पर इस्टर्न टाइममध्ये, म्हणजे न्यूयॉर्कच्या पट्ट्यात, दिसलं, ड्रॉपडाउनमधून न्यूयॉर्क निवडलं आणि चहाला निघून गेला.

रिपोर्ट आला तर अख्खा प्लांट लाल. २००५ च्या उन्हाळ्यात सगळे एक तास लेट, मग ऑक्टोबरअखेरपासून हिवाळाभर सगळे वेळेवर, मग २ एप्रिल २००६ पासून परत लेट, आणि यावेळी हिवाळा आला तरी लेटच, पुढचा उन्हाळाही लेट, ते थेट ४ नोव्हेंबर २००७ पर्यंत, आणि त्या रविवारनंतर एकदम शिस्त. टीममधली नवीन जॉइन झालेली मुलगी म्हणाली, दादा, दीड वर्ष रोज बरोबर एकच तास उशिरा येणारी माणसं एका रविवारात सुधारतात, असा कोणता कीर्तनकार आला होता तिथे?

मॅनेजरचं म्हणणं, डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करायची पद्धत) असणार, एक तास वजा करा आणि तिकीट क्लोज करा. पण डेलाइट सेव्हिंग हा उन्हाळ्याचा प्रकार, डिसेंबरात त्याचं काय काम? मी दोन नोंदी बाजूबाजूला घेऊन बसलो. १४ डिसेंबर २००६, पंच १२:५७ यूटीसी, न्यूयॉर्कच्या हिशोबात सकाळचे ७:५७. आणि १२ जुलै २००७, पंच ११:५७ यूटीसी, तेही न्यूयॉर्कचे ७:५७. शिफ्ट ७ ची. म्हणजे माणूस दोन्ही वेळा गावच्या ६:५७ ला, तीन मिनिटं आधी, हजर असणार. उन्हाळ्यातही एका तासाचा फरक, हिवाळ्यातही एका तासाचा फरक, म्हणजे हे गाव त्या काळात न्यूयॉर्कच्या टाइमझोनमध्ये नव्हतंच.

मग काय, दोन वीकएंड गेले.

जॅस्पर हे इंडियानाच्या दक्षिणेतलं गाव, डुबॉइस काउंटीचं मुख्य ठिकाण. काउंटी म्हणजे आपल्याकडचा तालुका धरा, अगदी तंतोतंत नाही पण कल्पना येईल. २००० सालच्या जनगणनेत गावात बारा हजारांच्या आसपास माणसं. जर्मन कॅथलिक लोकांनी वसवलेलं, लाकूडकाम आणि फर्निचरसाठी नाव असलेलं, उन्हाळ्यात श्ट्रासेनफेस्ट नावाची जत्रा भरवणारं. टीव्ही चॅनेल लागतात ते इव्हान्सव्हिलचे, ते शहर नैर्ऋत्येला आणि सेंट्रल टाइममध्ये, म्हणजे इस्टर्नच्या एक तास मागे. राज्याचा कारभार इंडियानापोलिसातून, ते उत्तरेला आणि इस्टर्न टाइममध्ये. दक्षिणेला लागून असलेली स्पेन्सर काउंटी सेंट्रल, पूर्वेची क्रॉफर्ड काउंटी इस्टर्न. गाव बरोबर बांधावर. सगळी भानगड याच बांधाची आहे, डेलाइट सेव्हिंग हे नुसतं निमित्त, असं माझं मत झालंय आणि पुढचं सगळं त्याच चष्म्यातून वाचा.

आधी थोडा मागचा इतिहास, कारण त्याशिवाय २००६ कळत नाही. अमेरिकेत टाइमझोन आणले रेल्वे कंपन्यांनी, १८ नोव्हेंबर १८८३ ला, तोपर्यंत गावोगावी आपापल्या सूर्याची वेळ. सरकारी कायदा झाला १९१८ ला, त्याच कायद्यात घड्याळ पुढे करायची तरतूदही आली, आणि त्या वेळी अख्खा इंडियाना सेंट्रल टाइममध्ये होता. शेतकरी लगेच चिडले. आपल्याकडे बरेच जण सांगतात की डेलाइट सेव्हिंग शेतकऱ्यांसाठी आणलं, ते साफ चूक आहे, शेतकरी तर विरोधात पुढे होते. गवत कापायचं तर आधी दव उडालं पाहिजे, दव उडतं उन्हाने, घड्याळाने नाही, आणि मजूर मात्र घड्याळ बघून घरी जाणार. गाईला तर कुणी सांगायचं की आजपासून धार एक तास आधी? विल्सन अध्यक्ष होते, त्यांचा व्हेटो धुडकावून काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, १९१९ मध्ये ही तरतूद काढून टाकली. मग दुसऱ्या महायुद्धात फेब्रुवारी १९४२ ते सप्टेंबर १९४५ वर्षभर घड्याळ पुढे. (आपल्याकडेही १९४२ ते ४५ घड्याळं एक तास पुढे होती, आजोबांच्या पिढीतल्यांना आठवायचं, आता सांगणारं कुणी उरलं नाही.)

युद्ध संपल्यावर देशात गावोगावी ज्याला जे वाटेल ते सुरू झालं आणि इंडियानात तर कहर झाला. तिथले लोक दोनच शब्द वापरायचे, फास्ट टाइम आणि स्लो टाइम. शहरवाले फास्ट, खेड्यातले स्लो. १९४९ मध्ये राज्याने कायदा करून घड्याळ पुढे करायला बंदी घातली, पण मोडणाऱ्याला शिक्षाच ठेवली नाही, मग मोडला लोकांनी. १९६१ मध्ये इंटरस्टेट कॉमर्स कमिशन या केंद्रीय संस्थेने राज्याच्या मधून रेघ मारली, अर्धं इस्टर्न अर्धं सेंट्रल. १९६९ मध्ये रेघ परत सरकली, वायव्य आणि नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या थोड्या काउंट्या सेंट्रलमध्ये आणि बाकी राज्य इस्टर्नमध्ये. आणि १९७१ ला राज्य विधिमंडळाने ठरवलं की इस्टर्नवाल्या भागाने घड्याळ पुढे करायचंच नाही. पुढच्या वर्षी वॉशिंग्टननेही कायद्यात दुरुस्ती करून अशा दोन झोनमध्ये विभागलेल्या राज्यांना ती मुभा दिली.

म्हणजे १९७१ पासून २००६ पर्यंत जॅस्परमध्ये भिंतीवरच्या घड्याळाला कुणी हात लावला नाही. उन्हाळ्यात त्यांची वेळ शिकागोसारखी, हिवाळ्यात न्यूयॉर्कसारखी, स्वतः जागचे हलत नाहीत, जग इकडून तिकडे जातं. मला ही व्यवस्था फार आवडली खरं सांगायचं तर. आग्नेय कोपऱ्यात लुइव्हिल आणि सिनसिनाटी या बाहेरच्या राज्यांतल्या शहरांच्या शेजारच्या पाच काउंट्या मात्र कायद्याला न जुमानता आपलं घड्याळ पुढे करत राहिल्या, कारण नोकरी नदीपलीकडे, आणि बॉसला इंडियानाचा कायदा सांगून उपयोग काय.

इथे पुण्याचा एक धागा आहे. इंडियाना आपल्या बऱ्याच जणांना माहिती ते कमिन्स या इंजिन कंपनीमुळे, त्यांचं मुख्यालय कोलंबस, इंडियाना इथे, आणि १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स पुण्यात सुरू झाल्यापासून माणसं जात-येत आहेत. तर २००६ च्या आधी पुणे आणि कोलंबस यांच्यात बारा महिने साडेदहा तासांचा फरक. इथे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे तिथे सकाळचे आठ, जून असो नाहीतर जानेवारी. बाकी अमेरिकेशी बोलणारे तेव्हा एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये कॅलेंडर दुरुस्त करत बसायचे, २००७ पासून मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये बसतात, आणि इंडियानाशी बोलणाऱ्यांना ती कटकटच नव्हती. २००६ नंतर तेही सुख गेलं, उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा.

ते कसं गेलं, तर मिच डॅनियल्स. जानेवारी २००५ मध्ये हे गव्हर्नर झाले आणि त्यांनी हा विषय धरूनच ठेवला. मुद्दा असा की बाहेरच्या धंदेवाल्यांना इंडियानात किती वाजले हेच कळत नाही, ट्रकचं, विमानाचं, फोनचं वेळापत्रक जुळत नाही, मग कोण कशाला येईल इथे. विरोधात शेतकरी होते, आणि एक गट मला अजिबात सुचला नसता, ड्राइव्ह-इन थिएटरवाले. उघड्यावरचा पडदा, अंधार पडल्याशिवाय सिनेमा लावता येत नाही, आणि घड्याळ पुढे केलं तर जूनमध्ये सूर्य सव्वानऊला बुडणार, मग पोरंबाळं घेऊन कोण येतंय. एप्रिल २००५ अखेर बिल खालच्या सभागृहात ५१ विरुद्ध ४६ ने पास झालं. शंभरजणांच्या सभागृहात बिल पास व्हायला ५१ च लागतात, म्हणजे अगदी काठावर.

पण घड्याळ पुढे करायचं ठरलं की लगेच दुसरा प्रश्न येतो, कुठल्या झोनमधलं घड्याळ? आधीची व्यवस्था ही एक प्रकारची मांडवली होती, उन्हाळ्यात सेंट्रलवाल्यांचं समाधान, हिवाळ्यात इस्टर्नवाल्यांचं. आता एक बाजू निवडणं भाग. आणि टाइमझोनची रेघ हलवायचा अधिकार राज्याकडे नाही, तो फेडरल वाहतूक खात्याकडे (रेल्वेपासून चालत आलेली सवय, वेळ म्हणजे वाहतुकीची बाब). दीड डझनाच्या आसपास काउंट्यांनी अर्ज केले. खातं विचारतं काय, तर टीव्ही कुठून दिसतो, पेपर कुठून येतो, माल कुठून येतो, विमानतळ जवळचा कुठला, माणसं कामाला कुठे जातात, शिकायला कुठे जातात. कायद्यातली कसोटी एकच, व्यापार-उदिमाची सोय. सूर्य कधी उगवतो हा त्यातला मुख्य मुद्दाच नाही, हे वाचून मी जरा थबकलो.

जानेवारी २००६ मध्ये आठ काउंट्यांना सेंट्रलमध्ये जायची परवानगी मिळाली: स्टार्क, पुलास्की, डेव्हिस, डुबॉइस, नॉक्स, मार्टिन, पेरी आणि पाइक. म्हणजे जॅस्परही.

आता नीट बघा काय झालं. २ एप्रिल २००६, रविवार, पहाटे दोन. इंडियानापोलिसातल्या लोकांनी पस्तीस वर्षांत पहिल्यांदा घड्याळ एक तास पुढे केलं. जॅस्परला इस्टर्नमधून सेंट्रलमध्ये जायचं म्हणून एक तास मागे, आणि डेलाइट सेव्हिंगसाठी एक तास पुढे. बेरीज शून्य. काटा हललाच नाही. राज्यभर ज्याची बोंबाबोंब ती गोष्ट जॅस्परमध्ये घडली आणि भिंतीवरच्या घड्याळाला पत्ताच नाही.

जॅस्परच्या घड्याळाला पहिला हात लागला तो २९ ऑक्टोबर २००६ ला, आणि तोही मागे करायला. हा दिवस मला या सगळ्या प्रकरणातला खरा दिवस वाटतो. गाव ८७ अंश पश्चिम रेखांशाच्या जवळपास, तिथला सूर्याचा मध्यान्ह सेंट्रल स्टँडर्ड टाइमने साधारण पावणेबाराला. डिसेंबरात दिवस साडेनऊ तासांचा. जुन्या व्यवस्थेत डिसेंबरमधला सूर्यास्त साडेपाचच्या सुमाराला व्हायचा, आता तो साडेचारला. सातला कामावर गेलेला माणूस साडेतीनला सुटला तर तासभर उजेड, तेवढ्यात दुकानात जा, पोराला घे, घरी पोच की अंधार. सकाळी मात्र उजेड लवकर, सातच्या पुढे लगेच सूर्य, आधी आठ वाजून जायचे. सूर्यशास्त्राच्या दृष्टीने बघाल तर सेंट्रलच या गावाची खरी वेळ, घड्याळाचे बारा आणि डोक्यावरचा सूर्य जवळजवळ जुळतात. पण लोक सूर्याशी जुळवून घेत नाहीत हो, एकमेकांशी जुळवून घेतात.

आणि एकमेकांशी जुळेना. डुबॉइस काउंटीत कारखाने भरपूर, आसपासच्या काउंट्यांतून माणसं कामाला येतात. मार्टिन काउंटीत क्रेन नावाचा नौदलाचा मोठा तळ, त्याची हद्द शेजारच्या काउंट्यांत शिरलेली, कामगार रेघेच्या दोन्ही बाजूंचे. कल्पना करा, साताऱ्यात एक वेळ, कऱ्हाडात दुसरी, आणि तुम्ही राहता उंब्रजला. बायको साताऱ्याला, तुम्ही कऱ्हाडला, पोराची शाळा तिसरीकडे. सहाची मॅच म्हणजे कुणाच्या सहाची, हे प्रत्येक वेळी विचारायचं, आणि इंडियानात बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडे क्रिकेटही फिकं पडेल. डॉक्टरची अपॉइंटमेंट, बँक, कोर्टाची तारीख, सगळ्याला मागे शेपूट, फास्ट की स्लो. आधी निदान अख्खा इस्टर्न पट्टा एकत्र होता, गैरसोय झाली तरी सगळ्यांची मिळून. आता मधून रेघ गेली ती आपल्याच परसातून.

पुलास्की काउंटी तर वर्षभरातच ११ मार्च २००७ ला इस्टर्नमध्ये परत गेली. दक्षिणेतल्या पाच काउंट्यांनी, डेव्हिस, डुबॉइस, नॉक्स, मार्टिन आणि पाइक, मिळून अर्ज केला की आम्हाला परत घ्या. ज्यांनी हट्टाने सेंट्रल मागितलं तेच हे. हसू येतं, पण मला त्यात चूक दिसत नाही. कागदावर टीव्ही आणि विमानतळाचा हिशोब लावून ठरवलेली वेळ एक हिवाळा जगून बघितली, नाही जमली, मोकळेपणाने सांगितलं. आपल्याकडे एखादा वन-वे चुकीचा पडला तर तो काढायला दहा वर्षं जातात. स्टार्क आणि पेरी मात्र सेंट्रलमध्येच राहिल्या, आजही आहेत.

वाहतूक खात्याने अर्ज मान्य केला आणि तारीख ठरवली ४ नोव्हेंबर २००७, डेलाइट सेव्हिंग संपायचा रविवार. त्या रात्री जवळजवळ देशभर घड्याळं एक तास मागे. जॅस्परला एक तास मागे आणि इस्टर्नमध्ये जायचं म्हणून एक तास पुढे. परत बेरीज शून्य, परत काटा जागेवर. गाव झोन सोडून गेलं तेव्हा घड्याळ हललं नाही, परत आलं तेव्हाही हललं नाही. तारखा मुद्दाम अशा निवडलेल्या, आणि निवडणाऱ्याला माझा नमस्कार, कारण दोन्ही वेळा सोमवारी सकाळी कुणाचा गोंधळ नको म्हणून हे केलं हे उघड आहे. माझ्या रिपोर्टमधला एका रविवारात सुधारलेला प्लांट म्हणजे ही रात्र, तिथला कुणीही सुधारला नव्हता, न्यूयॉर्क मागे सरकून त्यांच्याशी जुळलं होतं. आणि २००५ च्या उन्हाळ्यातले लेट मार्क? तेव्हा न्यूयॉर्क घड्याळ पुढे करायचं आणि जॅस्पर करत नव्हतं, बस.

वीज वाचते म्हणून घड्याळ पुढे करायचं, हा जुना युक्तिवाद, त्याचीही इथे परीक्षा झाली. मॅथ्यू कॉचेन आणि लॉरा ग्रँट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दक्षिण इंडियानातल्या घरांची २००४ ते २००६ ची वीजबिलं तपासली, कारण अशी संधी परत मिळत नाही, शेजारीशेजारी काउंट्या, काहींचं घड्याळ आधीपासून पुढे होत होतं, काहींचं अचानक सुरू झालं. निघालं काय, तर घरगुती वीज वापर साधारण १ टक्क्याने वाढला आणि राज्यातल्या घरांना मिळून वर्षाला ९० लाख डॉलर जास्त बसले. दिव्याची वीज वाचली हे खरं, पण संध्याकाळी उन्हात घरी आलेला माणूस एसी लावतो आणि गार सकाळी अंधारात उठलेला माणूस हीटर. ऐकल्यावर वाटतं त्यात काय, हे तर आईने पण सांगितलं असतं, पण बिलं तपासून सांगणारं कुणीतरी लागतं.

जॅस्परमध्ये आता जूनमध्ये सूर्य बुडतो सव्वानऊला. ऑक्टोबरच्या शेवटी सकाळचे आठ वाजून गेले तरी उगवत नाही, शाळेची पोरं अंधारात बसची वाट बघतात, त्यावरून कुरबुर असते. आपल्याला याचं फार आश्चर्य वाटू नये, मुंबईही भारतीय प्रमाणवेळेपेक्षा सूर्याच्या हिशोबात ३९ मिनिटं मागे आहे, आणि प्रमाणवेळ १९०६ ला आली तरी मुंबईने आपला वेगळा मुंबई टाइम १९५५ पर्यंत सोडला नव्हता. तिथे काही लाख माणसं होती म्हणून हट्ट चालला. बारा हजारांच्या गावाला दोन हिवाळ्यांच्या आत निर्णय फिरवावा लागला.

आता आमचं तिकीट. टाइमझोनचा जो डेटाबेस जगभरातले कॉम्प्युटर आणि फोन वापरतात त्यात एकट्या इंडियानाची आठ नावं आहेत: इंडियानापोलिस, नॉक्स, मारेंगो, पीटर्सबर्ग, टेल सिटी, व्हेवे, विन्सेन्स, विनामॅक. आधी मला वाटायचं कुणीतरी रिकामटेकड्याने भरलीत. आता कळलं की प्रत्येक नाव म्हणजे एक वेगळं भांडण आहे. डुबॉइस काउंटीचा इतिहास विन्सेन्स या नावाखाली येतो. शेजारच्या पाइकने हे सगळं डुबॉइसच्या बरोबरच केलं, पण १९७७ पर्यंत ती सेंट्रलमध्ये होती म्हणून तिला पीटर्सबर्ग असं वेगळं नाव, एवढा बारीक हिशोब ठेवलाय कुणीतरी.

फिक्स एका ओळीचा. न्यूयॉर्क खोडलं, विन्सेन्स लिहिलं, डेटा परत चालवला. मॅनेजरला मेल लिहिली त्यात हे सगळं घालायचा मोह झाला होता, तीन ओळींत आवरलं, त्यांचं उत्तर आलं, ओके क्लोज. नव्या मुलीने रिपोर्ट उघडला, लाल रंग जवळजवळ गेलेला. मधे मधे थोडे ठिपके राहिले होते, मी परत घाबरलो, नोंदी उघडून बघितल्या. ७:०९, ७:१४, एक ७:२२. ती माणसं खरंच उशिरा आली होती.